फुल शर्ट घालून पाठवा, काही होत नाही!

प्रति,
सहली काढणाऱ्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि संस्थाचालक,
तसेच शाळांच्या सहली नेणारे ट्रॅव्हल्सवाले

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा गेल्या वर्षी पाचवीत होता. शाळेची सहल कोकणात जायची होती. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला आणि येताना कोल्हापूर. तीन दिवस, दोन मुक्काम, बत्तीसशे रुपये. आम्ही सातारा जिल्ह्यातली माणसं, आमच्या पोरांना समुद्राचं काय अप्रूप असतं ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बॅग आठ दिवस आधीच भरलेली, रोज उघडायची, रोज पुन्हा भरायची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या डोक्याला तेल लावत होते. कानामागे बोटाला एक फोड लागला. पाण्याचा थेंब ठेवावा तसा, खाली लालसर. शर्ट वर केला तर पोटावर तीन, पाठीवर दोन. अंग कोमट. डॉक्टरांनी खुर्चीतून न उठताच सांगितलं, कांजण्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घराबाहेर काढायचं नाही, साधारण आठवडा धरा.

मी रात्री साडेआठला शाळेत फोन केला. सहलप्रमुख सरांचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. "पैसे परत मिळणार नाहीत, परिपत्रकात लिहिलंय. आणि तोंडावर नाहीत ना फोड? मग फुल शर्ट घालून पाठवा, काही होत नाही. पोराचा हिरमोड कशाला करता?"

मी पाठवलं नाही. पहाटे पाचला बस आमच्या चौकातूनच गेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आतल्या पोरांनी आरडाओरडा केला आणि माझा मुलगा उशीत तोंड खुपसून रडत राहिला.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कारण भांडण एका शाळेशी नाही. हे लिहायला घेतल्यापासून ज्या ज्या आईशी बोलले, तिच्याकडे असाच एक किस्सा होता. शाळा वेगळी, शब्द तेच.

आता बसमध्ये काय झालं ते. आमच्याच वर्गातला आणखी एक मुलगा त्या दिवशी अंगावर फोड घेऊन, खरोखरच फुल शर्ट घालून, सहलीला गेला होता. त्याच्या आईला मी दोष देत नाही. घरी हातावर पोट आहे, बत्तीसशे रुपये दोन हप्त्यांत भरलेले, आणि फोन केला असता तर तिलाही तेच उत्तर मिळालं असतं. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर मोह झाला होता. चार वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नाला मी माझ्या मुलीला तापात पॅरासिटामोल पाजून एस्टीने नेलं आहे. मांडवात कोणाकोणाच्या मांडीवर ती बसली, आज आठवलं तरी लाज वाटते. तेव्हा हे पत्र काही मी उंच ओट्यावर बसून लिहीत नाही.

त्या बसमध्ये पुढच्या सीटवर शाळेतल्या एक तरुण बाई होत्या, पाच महिन्यांच्या गरोदर. त्या पाचवीला शिकवत नाहीत, सहलीसोबत एक बाई हवी म्हणून गेल्या होत्या. लहानपणी त्यांना कांजण्या आलेल्या नव्हत्या. खिडक्या बंद, एसी चालू, असे तीन दिवस. दोन आठवडे उलटल्यावर त्यांना ताप चढला आणि मग अंगभर फोड. न्यूमोनियापर्यंत गेलं, आठ दिवस दवाखान्यात काढले. आता बाई बऱ्या आहेत, बाळही व्यवस्थित आहे, हे देवाचे आणि तिथल्या नर्सबाईंचे उपकार. पण "काही होत नाही" या वाक्याचा अर्थ मला त्या आठ दिवसांत कळला.

कांजण्यांना आपण फार हलक्यात घेतो. लहान वयात येऊन गेल्या म्हणजे बरं, असंच घरोघरी म्हणतात, आणि सुदृढ मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण हा रोग नुसत्या स्पर्शाने पसरत नाही, हवेतूनही पसरतो. त्यामुळे फुल शर्टाने फोड झाकले जातात, रोग झाकला जात नाही. ज्यांना पूर्वी झालेल्या नाहीत अशी माणसं घरात रोग्यासोबत राहिली तर दहातल्या नऊ जणांना लागण होऊ शकते, आणि तीन दिवसांची बस म्हणजे दुसरं काय? घरच की. गरोदर बाई, नुकतं जन्मलेलं बाळ, कॅन्सरचे उपचार चालू असलेलं किंवा स्टिरॉइडवर असलेलं मूल, यांच्यासाठी हाच आजार जिवावर बेतू शकतो. अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. कधी कधी आईबाप कोणाला सांगत नाहीत, एवढंच.

आणि हंगाम पाहा. दिवाळी झाली की सहली सुरू होतात, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा जोर. थंडी सरता सरता कांजण्याही नेमक्या तेव्हाच डोकं वर काढतात. दरवर्षी हे दोन्ही एकाच वेळी येतं आणि दरवर्षी शाळेला नवल वाटतं.

माझी पहिली तक्रार तुमच्या परिपत्रकाच्या तळाशी असलेल्या ओळीबद्दल आहे. "कोणत्याही कारणास्तव सहलीला न आल्यास रक्कम परत केली जाणार नाही." बसचं भाडं वाटून गेलं, ते परत मिळणार नाही, हे मला समजतं. पण माझ्या मुलाचं तीन दिवसांचं जेवण कोणी खाल्लं? होडीचं तिकीट, लॉजची कॉट? खोटं बोलून पाठवणाऱ्याचे पैसे वसूल होतात आणि खरं बोलणाऱ्याचे बुडतात. या एका ओळीने शाळेने आजार लपवायला बक्षीस लावलं आहे. वर गॅदरिंगमध्ये शंभर टक्के उपस्थितीचं पेन आणि प्रमाणपत्र असतंच. तेही याच माळेतलं.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे, आणि ती कळायला मला महिना लागला. कांजण्यांचा संसर्ग झाल्यापासून फोड यायला दहा ते एकवीस दिवस लागतात. म्हणजे माझ्या मुलाला तो सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी कुठेतरी लागला. कुठे, ते नंतर समजलं. पाचवी ब मधल्या एका मुलाला तेव्हा कांजण्या झाल्या होत्या. शाळेला ठाऊक होतं, त्याच्या वडिलांनी रजेचा अर्जही दिला होता. आम्हाला कोणीच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "उगीच कोणाच्या घरची बदनामी नको."

बदनामी कसली? नाव कोणी मागितलं होतं? "इयत्ता पाचवीतील एका विद्यार्थ्यास कांजण्या झाल्या आहेत" एवढा एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर टाकला असता तरी पुरलं असतं. त्या ग्रुपवर सकाळी सहाला गुलाबाच्या फुलांसह सुविचार येतो, त्याच्या शेजारी ही ओळही मावली असती. आणि तिचा उपयोग किती होता ते ऐका. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत लस दिली तर पुष्कळदा आजार टळतो, निदान सौम्य होतो. कांजण्यांची लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञ सुचवतात, पण ती विकत घ्यावी लागते. मला एका डोसचे दोन हजारांच्या घरात सांगितले, दोन डोस लागतात. म्हणून पुष्कळ मुलांची राहून जाते, माझ्याही मुलाची राहिली होती. त्या आठवड्यात कळलं असतं तर मी कर्ज काढून घेतली असती. गरोदर बाईंना ही लस देता येत नाही, पण त्यांच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं, तयार प्रतिद्रव्यांचं. ते संपर्कानंतर लवकरात लवकर, फार तर दहा दिवसांच्या आत घ्यावं लागतं. बाईंना बसमधला मुलगा आजारी होता हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ताप होता.

इथे मलाही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कांजण्यांचं मूल फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरवत असतं. त्या दोन दिवसांत माझे चिरंजीव तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांच्या डब्यांत हात घालत होते. पुढे वर्गातली नऊ मुलं आजारी पडली, त्यातली किती माझ्या मुलामुळे आणि किती सहलीमुळे हे कोणी सांगू शकणार नाही. मी त्याला घरी ठेवलं म्हणजे साथ थांबली असा माझा दावा नाही. पण कळल्यावर थांबणं हातात होतं, तेवढं केलं. तुमच्या हातात त्याहून अधिक होतं.

तिसरी तक्रार ऐकून हसू येईल. अकराव्या दिवशी, सगळ्या खपल्या वाळलेल्या, काही गळून पडलेल्या, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात, असा मी मुलगा शाळेत नेला. फाटकावरच अडवलं. "अजून डाग दिसतायत, डाग जाऊ देत मग पाठवा." डाग जायला महिने लागतात हो! जी शाळा त्याला ओल्या फोडांसकट बसमध्ये घ्यायला तयार होती, तिला तो कोरड्या खपल्यांसकट वर्गात नको होता. यात दुष्टपणा नाही, हे मी जाणते. कोणत्या आजारात कधी थांबायचं आणि कधी मोकळं व्हायचं, हे शाळेत कोणालाच कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

म्हणून डॉक्टरांना विचारून, दोन-तीनदा पडताळून, जे समजलं ते इथे लिहिते. शिक्षकखोलीत चिकटवलंत तरी चालेल. कांजण्या असतील तर सगळे फोड कोरडे होऊन खपली धरेपर्यंत सहल नाही. साधारण पाच ते सात दिवस, पण दिवस मोजू नका, फोड बघा. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण घरी. गोवर तर कांजण्यांच्याही पुढे आहे, रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू हवेत राहू शकतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराने मुलं दगावली, ते विसरायला फार काळ झालेला नाही. गालफुगी असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्याला अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाल्याशिवाय नाही. उलट्या-जुलाब थांबून अठ्ठेचाळीस तास गेल्याशिवाय नाही. घाटातल्या बसमध्ये आणि लॉजच्या एका संडासावर चाळीस पोरं म्हटल्यावर याचं कारण सांगायला नको. नुसता ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास अंग थंड राहायला हवं. मी केलं तसं पॅरासिटामोल पाजून "आता उतरला" म्हणायचं नाही. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीसकट राज्यभर डोळे आले होते. त्यात कोणाच्या जिवाला धोका नव्हता, तरी चिपडं येणारं मूल तीन दिवस चाळीस जणांत कोंबू नये.

आणि उलट बाजूही तितक्याच ठामपणे. साध्या सर्दीचं, नाक गळणारं मूल जाऊ द्या. डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही. अशक्त मूल त्याच्यासाठी घरी राहील, पण त्याच्या भावाला का अडवता? कांजण्यांचे वाळलेले डाग, नागिणीचा जुना व्रण, कोड, इसब, यांपैकी कशावरूनही मूल थांबवू नका. उवांवरून तर नकोच, नाहीतर सहलीला फक्त ड्रायव्हर आणि सहलप्रमुख जातील.

आमच्या आजीच्या घरी कांजण्यांना "आई आली" म्हणत. दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायची, घरात फोडणी द्यायची नाही, पाहुणा दारातूनच परत. देवीच्या कोपावर माझा विश्वास नाही, पण ती डहाळी मला आता वेगळी दिसते. गल्लीतल्या प्रत्येकाला न विचारता कळायचं की या घरात सध्या जायचं नाही. कोणाची बदनामी व्हायची नाही, उलट शेजारीण दाराशी ताक ठेवून जायची. आमच्याकडे मोबाइल आहेत, ग्रुप आहेत, आणि तेवढी एक डहाळी बांधायची आम्हाला चोरी झाली आहे.

काही जण म्हणतील, नियम कडक करा, दंड लावा. कायदे काही कमी नाहीत. मुंबईत 1896 ला प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, त्यात रेल्वेने आणि इतर मार्गांनी प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 56 वं कलम तर सांगतं की ठरावीक संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाने परवानगीशिवाय डब्यात चढू नये, आणि परवानगी दिली तर त्याची वेगळी सोय रेल्वेने करावी. आजवर इतकी तिकिटं काढली, हे कलम मला एकदाही कोणी सांगितलं नाही. धाक घालून काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. रँडच्या पथकांनी पुण्यात घरं झडती घेऊन धुंडाळली तेव्हा लोकांनी प्लेगचे रोगी माळ्यावर नि कपाटामागे लपवले. मला शाळेच्या फाटकावर झडती नको आहे. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होऊ नये, एवढंच हवं आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर, अगदी निघायच्या पहाटे दिली तरी, जेवण, मुक्काम आणि प्रवेशशुल्काचे पैसे परत मिळावेत. बसचा वाटा हवा तर कापा. ट्रॅव्हल्सवाल्यांशी करार करतानाच हे कलम घाला. चाळीस-पन्नास पोरांची बुकिंग देणाऱ्या शाळेचं ते ऐकतील.

संमतीपत्र महिनाभर आधी घेता ते राहू द्या, पण आदल्या संध्याकाळी तीन प्रश्न विचारा: गेल्या चोवीस तासांत ताप होता का, अंगावर नवीन पुरळ किंवा फोड आहेत का, उलट्या-जुलाब आहेत का. उत्तर हो आलं तर निर्णय सहलप्रमुखांनी नाही, डॉक्टरांनी घ्यावा.

शाळेत संसर्गजन्य आजार आला की त्याच दिवशी, नाव न घेता, त्या इयत्तेच्या पालकांना आणि सगळ्या शिक्षकांना कळवावं. सहलीसोबत जाणाऱ्या शिक्षिकांना आधी एकांतात विचारावं, आणि नको म्हणाल्या तर कारण विचारू नये.

सहलीत मध्येच एखादं मूल आजारी पडलं तर काय करायचं हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं. थर्मामीटर, मुक्कामाला एक रिकामी खोली, त्याच्याजवळ थांबायला एक मोठं माणूस, आणि पालक घ्यायला येईपर्यंत त्याला पुन्हा त्याच बसमध्ये न बसवणं. आमच्या सहलीत आणखी एका मुलीला दुसऱ्याच दिवशी मालवणात फोड दिसले होते. सर ओरडतील म्हणून तिने मैत्रिणीच्या ओढणीखाली लपवले, किल्ल्यावर उन्हात चालली, आणि परतीच्या आठ तासांत खाजवून रक्त काढलं. दहा वर्षांची मुलगी. तिला ओरडायची भीती वाटली, हे शाळेच्या वहीत कुठेतरी लिहून ठेवा.

शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करा.

आणि जी मुलं आजारपणामुळे राहिली त्यांच्यासाठी वर्षाअखेरीस एक दिवसाची सहल काढा. महाबळेश्वर नको, आम्ही तिथे जाऊन येतो. समुद्र दाखवा. गुहागर पहाटे निघून रात्री परत येण्यासारखं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका विद्यार्थ्याची आई

ता. क. यंदाच्या सहलीचं परिपत्रक काल मुलाच्या वहीतून आलं. रायगड आणि अलिबाग, छत्तीसशे रुपये, पैसे भरायची मुदत शनिवारपर्यंत. तळाशी तीच ओळ आहे. मुलाने फॉर्मवर स्वतःचं नाव, तुकडी, रक्तगट सगळं लिहून ठेवलं आहे. माझी सही राहिली आहे. तुमचं उत्तर शुक्रवारी आलं तरी चालेल.